अतिसूक्ष्म कणांना वजनाचे माप पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवेच्या प्रदूषणाविषयी आपल्या वृत्तपत्रात सातत्याने मजकूर येतो आणि त्यासोबत बहुधा एक आकडाही छापलेला असतो. एका घनमीटर हवेत २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण किती मायक्रोग्रॅम आहेत, हे तो आकडा सांगतो. तो उपयुक्त आहे आणि छापला जात राहावा. परंतु छातीच्या विकारांवर उपचार करण्यात आयुष्याची बरीच वर्षे घालवलेला एक डॉक्टर म्हणून मला हे सांगणे भाग आहे, की तो आकडा वजनाचा आहे, आणि श्वासावाटे शरीरात शिरणाऱ्या कणांपैकी जे सर्वांत लहान असतात त्यांचे वजन त्या आकड्यात जवळजवळ उमटतच नाही. १०० नॅनोमीटरपेक्षा लहान कणांना सामान्यतः नॅनोकण म्हणतात. ते मुद्दाम तयार केलेले नसून इंधन जळताना किंवा धातू वितळताना आपोआप निर्माण झाले असतील, तर त्यांना अतिसूक्ष्म कण म्हणण्याचा प्रघात आहे. नावे दोन असली तरी श्वासनलिकेतून खाली उतरताना दोघांची वाट एकच असते, म्हणून या पत्रात मी दोघांचा विचार एकत्र केला आहे.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या रक्तातली तांबडी पेशी सुमारे ७००० नॅनोमीटर रुंद असते, यावरून या कणांच्या आकाराची थोडी कल्पना यावी. त्याहून महत्त्वाचा हिशेब शाळेतल्या भूमितीचा आहे आणि तो प्रत्येक वाचकाने एकदा स्वतः करून पाहावा असा आहे. २.५ मायक्रोमीटर व्यासाचा एक गोल कण घ्या आणि त्याच पदार्थाचे, तेवढ्याच वजनाचे, २० नॅनोमीटर व्यासाचे कण घ्या. व्यासात १२५ पटींचा फरक आहे, म्हणून आकारमानात १२५चा घन, म्हणजे साडेएकोणीस लाखांहून अधिक पट फरक पडतो. एका मोठ्या कणाच्या वजनात हे साडेएकोणीस लाख लहान कण सहज मावतात, आणि त्या सर्वांचे एकत्रित पृष्ठफळ मोठ्या कणाच्या १२५ पट भरते. तराजू दोन्हीकडे सारखेच वजन दाखवतो. फुफ्फुसाच्या पेशींशी संबंध येतो तो मात्र कणाच्या पृष्ठभागाचा.

हे कण शरीरात नेमके कुठे थांबतात, हेही आकारावरच ठरते. मोठे कण त्यांच्या वेगामुळे नाकाच्या आणि घशाच्या वळणांवर आदळतात किंवा जडपणामुळे श्वासनलिकांच्या भिंतींवर बसतात. नॅनोकण इतके हलके असतात की हवेचे रेणू त्यांना सतत इकडून तिकडे ढकलत राहतात, आणि या भरकटण्यातच ते कुठल्या ना कुठल्या भिंतीला टेकतात. अगदी एक नॅनोमीटरच्या आसपासचे कण इतके भरकटतात की त्यांच्यातले बहुतेक नाक आणि घशातच अडकतात. परंतु २० नॅनोमीटरच्या सुमाराचे कण घेतले, तर श्वासाबरोबर आत गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे फुफ्फुसाच्या तळाशी असलेल्या वायुकोशांत जाऊन बसतात. जाता जाता एक गैरसमज दूर करावासा वाटतो. कण जितका लहान तितका तो मुखपट्टीतून सहज निसटतो, असे अनेकांना वाटते. चांगल्या दर्जाच्या, चेहऱ्याला घट्ट बसणाऱ्या मुखपट्टीच्या बाबतीत ते खरे नाही, कारण याच भरकटण्यामुळे अतिशय लहान कण तिच्या तंतूंना चिकटतात. न गाळलेली हवा आत शिरते ती कडेच्या फटींतून, आणि तोंडावर बांधलेला रुमाल तर सगळाच फट असतो.

वायुकोश म्हणजे हवा आणि रक्त यांच्यातला उंबरठा. त्यांची संख्या तीस ते पन्नास कोटींच्या घरात असते, त्यांचा सगळा पृष्ठभाग पसरला तर तो ७० ते १०० चौरस मीटर भरते, आणि हवा व रक्त यांच्यातला पडदा बऱ्याच ठिकाणी एक मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. प्राणवायू पलीकडे जाण्यासाठी हा पातळपणा आवश्यकच आहे. येथे श्वासनलिकेतल्यासारखे केस नसतात आणि कफाचा सरकता थरही नसतो. साफसफाईचे काम भक्षकपेशी करतात. त्या फिरत असतात, परका कण दिसला की गिळतात आणि हळूहळू बाहेरच्या वाटेला लागतात. अर्ध्या किंवा एक मायक्रोमीटरचे कण त्यांना चांगले ओळखू येतात. नॅनोकण मात्र त्यांच्या हातून मोठ्या प्रमाणात सुटतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे. सुटलेले कण वायुकोशाच्या अस्तरातल्या पेशींत, दोन पेशींमधल्या जागेत, लसिकाग्रंथींत आणि काही अंशी रक्तात जातात. श्वासनलिकेत अडकलेली धूळ एक-दोन दिवसांत वर ढकलली जाते. वायुकोशात बसलेल्या, न विरघळणाऱ्या कणांचे ओझे निम्म्यावर यायला माणसात कित्येक महिने लागतात, आणि तोवर नवे कण येतच राहतात.

वजनापेक्षा पृष्ठफळ महत्त्वाचे आहे, हा केवळ कागदावरचा तर्क नाही. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात गुंटर ओबरडॉर्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्यावर केलेले प्रयोग या विषयात पायाभूत मानले जातात. सुमारे २० नॅनोमीटरचे आणि सुमारे २५० नॅनोमीटरचे असे दोन प्रकारचे कण त्यांनी उंदरांना दिले. रासायनिक दृष्ट्या पदार्थ एकच, तरीही सारख्या वजनाला लहान कणांनी फुफ्फुसात कितीतरी जास्त दाह निर्माण केला. तोच दाह वजनाऐवजी कणांच्या एकूण पृष्ठफळाशी ताडून पाहिल्यावर दोन्ही आकारांचे निष्कर्ष एकाच रेषेवर आले. जो पदार्थ दशकानुदशके निरुपद्रवी धूळ म्हणून गणला गेला, तो केवळ बारीक केल्याने वेगळा वागू लागला.

अर्थात पृष्ठफळ म्हणजे सर्व काही नव्हे, आणि येथे घाईने सरसकट विधान करणे मला मान्य नाही. कण कशाचा आहे, तो विरघळतो का, त्याच्या अंगावर लोखंड, तांबे किंवा निकेलसारखे धातू आहेत का, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. असे धातू पेशीच्या संपर्कात आले की अतिशय क्रियाशील अशी प्राणवायूची संयुगे तयार होतात, पेशीची संरक्षक द्रव्ये संपतात आणि दाहाची साखळी सुरू होते. जस्ताचा धूर श्वासात गेलेल्या कामगाराला काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते, आणि एक-दोन दिवसांत सगळे निवळते. धातूचा ताप म्हणून वैद्यकात हा विकार फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. तो सोसलेल्या कामगाराने तेव्हा कुठलाही नवा, चमत्कारिक पदार्थ हाताळलेला नसतो. जस्ताच्या वाफा हवेत थिजून झालेले ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण त्याने श्वासावाटे घेतलेले असतात. नॅनोकण ही एकविसाव्या शतकाची देणगी आहे, असे जे भासवले जाते ते म्हणूनच अर्धवट आहे. त्यांना मुद्दाम घडवण्याची विद्या तेवढी नवी आहे.

फुफ्फुसात शिरलेल्या कणांमुळे हृदयविकाराचा झटका का यावा, हा प्रश्न एकेकाळी आम्हा डॉक्टरांनाही कोड्यात टाकत असे. प्रदूषण वाढलेल्या दिवसांत हृदयरोगाचे मृत्यू वाढतात, हे आकडेवारी सांगत होती, पण मधला दुवा सापडत नव्हता. १९९५ मध्ये अँथनी सीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक तर्क मांडला. अतिसूक्ष्म कणांमुळे वायुकोशांत दाह होतो, त्या दाहातून सुटलेली द्रव्ये रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढवतात, आणि आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत गुठळी होते, असा तो तर्क होता. पुढे एडिनबरोच्या संशोधकांनी त्याची माणसांवर परीक्षा घेतली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पण प्रकृती स्थिर असलेल्या २० पुरुषांना एकदा गाळलेली हवा आणि एकदा पातळ केलेला डिझेलचा धूर एक तास श्वासावाटे देण्यात आला आणि त्यांच्याकडून अधूनमधून व्यायाम करून घेण्यात आला. धूर घेतला असताना हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असल्याची खूण आलेखात अधिक ठळक उमटली, आणि गुठळी विरघळवण्याची शरीराची स्वतःची क्षमता घटलेली आढळली. त्याच परंपरेतल्या २०११च्या अभ्यासात धुराच्या वाटेवर कण अडवणारा सापळा बसवला, तेव्हा वायू बहुतांशी तसेच राहिले, पण रक्तवाहिन्यांवरचा दुष्परिणाम टळला. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. दोष कणांचा आहे हे तर त्यातून दिसतेच, पण कण अडवले तर शरीर सावरते हेही दिसते.

हे कण स्वतः रक्तात उतरतात का, याचे उत्तरही एडिनबरोतूनच मिळाले. डांबरट काजळीचा कण रक्तात शोधणे अवघड, म्हणून संशोधकांनी सोन्याचे नॅनोकण निवडले. सोने शरीरात सहसा नसते आणि अत्यल्प प्रमाणातही ओळखता येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांनी श्वासावाटे घेतलेले सोने काहींच्या रक्तात १५ मिनिटांत आढळले आणि तीन महिन्यांनंतरही रक्तात व लघवीत त्याचा मागमूस होता. लहान कण अधिक प्रमाणात पलीकडे गेले. मानेतल्या रोहिणीची शस्त्रक्रिया होणार असलेल्या काही रुग्णांनी हेच कण श्वासावाटे घेतले, तेव्हा शस्त्रक्रियेत काढलेल्या चरबीच्या थरातही सोने सापडले. म्हणजे दाह जिथे आधीच आहे तिथे हे कण जमा होतात. ज्या जागी गुठळी होण्याचे भय सर्वाधिक, नेमकी तीच ही जागा.

मेंदू आणि गर्भ यांविषयी लिहिताना मी शब्द जपून वापरतो. २०१६ मध्ये बार्बरा माहेर आणि सहकाऱ्यांना मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर येथील मृतांच्या मेंदूत मॅग्नेटाइटचे गोलसर नॅनोकण मिळाले. तीव्र उष्णतेत वितळून थिजलेल्या कणांसारखे त्यांचे रूप होते. नाकातून थेट घ्राणचेतेच्या वाटेने कण मेंदूच्या पुढच्या भागात पोहोचू शकतात, हे उंदरांमध्ये त्याआधीच दिसले होते. २०१९ मध्ये बेल्जियममधील हॅसेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना वारेच्या गर्भाकडील बाजूस काजळीचे कण आढळले. कण तिथे आहे म्हणजे त्याने रोग केलाच, असे यातून सिद्ध होत नाही, आणि तसे मथळे देऊन गर्भवती स्त्रियांना घाबरवू नये अशी माझी विनंती आहे. पण कण तिथवर पोहोचत नाही, असे म्हणून स्वस्थ बसण्याची सोय आता राहिलेली नाही.

लांबट आकाराच्या कणांचा विचार वेगळा करावा लागतो. कार्बनच्या काही नळ्या व्यासाने काही नॅनोमीटर ते पन्नासेक नॅनोमीटर, पण लांबीने कित्येक मायक्रोमीटर असतात. भक्षकपेशी अशा काडीला गिळू पाहते, काडी तिच्यात मावत नाही, आणि अर्धवट गिळलेल्या अवस्थेत ती पेशी दाहकारक द्रव्ये सोडत राहते. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी जे केले ते याच मार्गाने केले. २००८ मध्ये लांब, बहुपदरी कार्बन नळ्या उंदरांच्या उदरपोकळीत सोडल्या असता ॲस्बेस्टॉससारखाच विकार दिसला, तर आखूड किंवा गुंता झालेल्या नळ्यांनी तसे केले नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा नळ्यांच्या एका विशिष्ट प्रकाराला संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीत घातले. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत धोक्याची लक्षणे विसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदली गेली होती. फुफ्फुसावरणाचा कर्करोग मात्र संपर्कानंतर तीस-चाळीस वर्षांनी प्रकट होतो, आणि त्या मधल्या काळात किती माणसे त्या धुळीत काम करत राहिली हे आम्ही आमच्या वॉर्डांत पाहिले आहे.

एक प्रसंग सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी लेप चढवण्याच्या एका कारखान्यात कामगारांची छाती तपासण्यासाठी मला बोलावले होते. बारीक भुकटीची पोती मोठ्या पिंपात रिकामी करणारा एक कामगार सतत खोकत होता. पोते उपडे करताना उडालेला ढग विरून गेल्यावर खिडकीतून येणाऱ्या उन्हातही काहीच तरंगताना दिसत नव्हते, आणि व्यवस्थापकांनी मला धुळीच्या मोजणीचा अहवाल दाखवला. आकडे मर्यादेच्या बरेच आत होते. अहवाल खोटा नव्हता. गाळणीवर जमलेली धूळ तोलून तो प्रामाणिकपणे तयार केला होता. पण भुकटीचे कण किती बारीक आहेत हा प्रश्न त्यात कुठे विचारलेलाच नव्हता, आणि त्या वेळी मीही तो विचारला नाही. याची खंत मला आजही आहे.

हा प्रश्न विचारता येतो, हे अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेने २०११ मध्येच दाखवून दिले. टायटॅनियम डायऑक्साइडच्या सामान्य बारीक धुळीसाठी तिने एका घनमीटरला २.४ मिलिग्रॅम आणि त्याच पदार्थाच्या अतिसूक्ष्म धुळीसाठी ०.३ मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली, म्हणजे आठपट कडक. एका पदार्थाला आकारानुसार दोन मर्यादा असू शकतात, हे तत्त्व यात मान्य झाले. वेल्डिंग, धातूची फवारणी, भुकटी मिसळणे, वाळवणे, पिशव्या भरणे ही कामे जिथे चालतात तिथे धूर आणि धूळ उगमापाशीच खेचून घेणारी हवेची नळी, बंदिस्त पिंप, ओल्या कापडाने पुसणे आणि चेहऱ्यावर नीट बसेल अशी मुखपट्टी, एवढ्या साध्या उपायांनीही पुष्कळ साधते. कोरड्या झाडूने झाडणे आणि दाबाच्या हवेने यंत्र साफ करणे मात्र तत्काळ थांबले पाहिजे, कारण खाली बसलेले कण त्याने पुन्हा श्वासाच्या पातळीला येतात.

घरगुती वापराच्या वस्तूंबाबत सामान्य वाचकाला एकच कसोटी सांगेन, ती म्हणजे पदार्थ हवेत उडतो का. रंगात, लेपात किंवा मलमात बद्ध असलेला नॅनोकण फुफ्फुसापर्यंत जात नाही. तोच फवाऱ्यात घातला की परिस्थिती बदलते. युरोपीय संघाने उन्हापासून संरक्षण देणाऱ्या मलमांत टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांना परवानगी दिली आहे, पण ज्या वापरात ते श्वासावाटे फुफ्फुसात जाऊ शकतील तिथे मनाई केली आहे, आणि हा भेद मला अतिशय शहाणपणाचा वाटतो. नावावर मात्र विसंबू नये. २००६ मध्ये जर्मनीत ‘नॅनो’ हे नाव मिरवणाऱ्या एका फवाऱ्यामुळे अनेक लोकांना श्वासाचा त्रास झाला आणि काहींना रुग्णालयात न्यावे लागले. तपासाअंती त्यात नॅनोकण नव्हतेच असे आढळले. त्रास खरा होता, पण नाव चुकीचे होते. उलट ज्यांच्यावर असे कोणतेही नाव नसते त्या इंजिनांतून, भट्ट्यांतून आणि स्वयंपाकाच्या ज्वाळांतून नॅनोकण सतत बाहेर पडत असतात.

आता मोजणीकडे येतो, कारण हे पत्र त्यासाठीच लिहिले आहे. इतके लहान कण प्रकाशात दिसत नाहीत, म्हणून मोजणीयंत्रात त्यांच्यावर अल्कोहोलची वाफ थिजवतात. प्रत्येक कणाभोवती थेंब वाढतो आणि मग प्रकाशाच्या झोतातून जाणारे थेंब एकेक करून मोजले जातात. हे तंत्र प्रयोगशाळांत चांगले रुळलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत अतिसूक्ष्म कणांसाठी बंधनकारक मर्यादा घातली नाही, तरी दिशा दाखवली. २४ तासांच्या सरासरीने एका घनसेंटिमीटरमध्ये १००० पेक्षा कमी कण म्हणजे कमी प्रमाण आणि १०,००० पेक्षा अधिक म्हणजे जास्त प्रमाण. साधारण अर्ध्या लिटरचा एक श्वास धरला, तर या वरच्या पातळीला प्रत्येक श्वासागणिक ५० लाख कण आत जातात. युरोपात मोटारींच्या धुरातल्या कणांवर वजनाबरोबर संख्येचीही मर्यादा गेल्या दशकापासून लागू आहे, आणि तिच्यामुळेच डिझेलच्या नव्या मोटारींना कण अडवणारा सापळा बसवणे अपरिहार्य झाले. २०२४च्या युरोपीय निर्देशाने ठरावीक केंद्रांवर बाहेरच्या हवेतले अतिसूक्ष्म कण मोजणेही आवश्यक केले आहे.

इतरत्र यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. दीर्घकाळ अल्प प्रमाणात हे कण घेतल्याने माणसांत किती रोग होतो, याचा पुरावा अपुरा आहे, मग यंत्रांवर खर्च का करावा, असे म्हणतात. पुरावा अपुरा आहे हे खरे. पण तो अपुरा राहण्याचे मुख्य कारण, हे कण वर्षानुवर्षे सलग मोजलेच गेले नाहीत, हे आहे. शिवाय ते अल्प अंतरात झपाट्याने बदलतात. वाहत्या रस्त्याच्या कडेला त्यांची संख्या प्रचंड असते आणि काहीशे मीटर आत गेले की ती बरीच उतरते, त्यामुळे दूरच्या एका केंद्रावरचे वजन रस्त्याकडेला राहणाऱ्या मुलाच्या श्वासाविषयी फार थोडे सांगते. मोजायचे नाही म्हणून पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून मोजायचे नाही, हे चक्र मोजणीच्या बाजूनेच तोडावे लागेल.

आपल्याकडे माझी मागणी मर्यादित आहे. हवेच्या प्रदूषणाचा आकडा छापताना तो कणांच्या वजनाचा आहे, संख्येचा नाही, एवढी एक ओळ त्याखाली द्यावी. एखाद्या नव्या लेपाची, फवाऱ्याची किंवा भुकटीची बातमी देताना तिच्या गुणांबरोबर ती बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या कामगाराच्या श्वासाची काय व्यवस्था केली आहे, हे आपल्या वार्ताहरांनी विचारावे. आणि प्रदूषण मोजणाऱ्या यंत्रणांना, आपण कणांची संख्या कधीपासून मोजणार, हा प्रश्न आपल्या पानांवरून लेखी विचारावा व जे उत्तर येईल ते तारखेसह प्रसिद्ध करावे.

आपला विश्वासू,
छातीच्या विकारांचा एक निवृत्त डॉक्टर